कुणाचं काय ठेवलंयस?

खुर्चीत बसायच्या आधीच ओंकारची आई म्हणाली, "मॅडम, त्याला एकदा येरवडा आतून दाखवून आणा. भीती बसली की सुटेल यातून." (मुलाचं नाव आणि घरची ओळख बदलली आहे.)

पिशवीतून तिने मुलाचा मोबाईल काढला. मुलगा सोळा पूर्ण, आयटीआयला फिटर ट्रेडला. मोबाईलमधल्या व्हिडिओत रात्रीचा रस्ता, बुलेटच्या सीटवर ओळीने मांडलेले केक, आणि कोयत्याने ते कापणारा वस्तीतला 'दादा'. ओंकार मागच्या रांगेत, अर्धाच दिसतो. हे पाहून तिने घर उलथंपालथं केलं, तेव्हा दिवाणात, पाहुण्यांच्या रजयांमध्ये, शाळेच्या जुन्या शर्टात गुंडाळलेला कोयता सापडला. वडील टेम्पो चालवतात. त्यांनी पट्टा काढला. पोरगा मार खाऊन गप्प राहिला, कुणाचं नाव घेतलं नाही.

मी मुलांचं समुपदेशन करते. असे आईबाप हल्ली माझ्याकडे वरचेवर येतात आणि जवळजवळ सगळ्यांची मागणी एकच असते: याला घाबरवा. कुणाला तुरुंग दाखवायचा असतो, कुणाच्या ओळखीचे हवालदार असतात. ओंकारच्या आईला तर कुणीतरी पुस्तकही सुचवलं होतं, मुनव्वर शाहचं 'येस, आय ॲम गिल्टी'. फाशीची शिक्षा झालेल्याने तुरुंगात लिहिलेलं. "ते वाचायला दिलं तर चालेल का?" तिने विचारलं.

मुनव्वर शाह हे नाव ऐकलं की मी नऊ वर्षांची होते. 1976 सालचं पुणं. सदाशिव पेठेत आमचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. त्या डिसेंबरात दाराला भिंग बसलं, साखळी बसली आणि दिवेलागणीनंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसेना. जोशी-अभ्यंकर हत्याकांड. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात शिकणारी पोरं: राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात दहा खून, त्यात जोशी आणि अभ्यंकर ही कुटुंबं. 28 सप्टेंबर 1978 ला चौघांना फाशी सुनावली गेली आणि 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात ती दिली गेली. मधली पाच वर्षं या कोर्टातून त्या कोर्टात, मग दयेच्या अर्जात गेली. एवढा वेळ कोठडीत बसून एका तरुणाने आपली कहाणी लिहिली, ती आपण पोरांच्या हातात द्यावी, त्यांना शहाणपण येईल, असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटत होतं.

व्यवसायाच्या सुरुवातीला मी शाळाशाळांतून 'गुन्हेगारीपासून दूर राहा' अशी व्याख्यानं देत असे. हीच कहाणी सांगायचे, आवाज खाली आणून, फाशीच्या पहाटेपर्यंत. वर्ग चिडीचूप. शिक्षक खूश. एका शाळेत व्याख्यानानंतर मधली सुट्टी झाली, मी मुख्याध्यापकांकडे चहा घेत होते आणि खिडकीतून मैदान दिसत होतं. सातवी-आठवीची पोरं भांडत होती. भांडण कशावरून, तर खेळात जक्कल कोण होणार! अभ्यंकर व्हायला कुणी तयार नव्हतं. चहा तसाच राहिला.

पुढे वाचनात आलं की हे माझ्याच बाबतीत घडलेलं नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात 1970च्या दशकात जन्मठेपेचे कैदी वाया चाललेल्या पोरांना समोर बसवून आरडाओरडा करत तुरुंगाचं वास्तव ऐकवत. त्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं आणि ठिकठिकाणी तशीच शिबिरं निघाली. नंतर संशोधकांनी अशा शिबिरांच्या नऊ चाचण्या एकत्र तपासल्या. शिबिराला गेलेल्या मुलांच्या हातून पुढे न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे घडले होते. का, यावर वाद आहेत. माझा अंदाज मैदानातल्या त्या भांडणावरून आहे: पोरगं घाबरतं, पण ज्याला जग घाबरतं त्याच्या जागी आपण असावं असंही त्याला वाटतं. घरात पट्टा खाणाऱ्या पोराला तर जास्तच.

म्हणून ओंकारच्या आईला सांगितलं, "ताई, येरवडा राहू द्या. पुस्तकाचं नंतर बघू. आणि पट्टा आजपासून बंद." शेवटच्या गोष्टीसाठी वडिलांना दोनदा बोलवावं लागलं.

ओंकार पहिल्या दोन भेटींत फक्त "हां", "नाय", "माहीत नाय" एवढंच बोलला. तिसऱ्या वेळी मी कोरा कागद पुढे केला. म्हटलं, नावं लिहू नकोस, नुसते गोल काढ. कोण ठरवतं, कोण फोन करतो, गाडी कुणाची, पेट्रोल कोण भरतं, वस्तू कुणाकडे राहते. पोराला ड्रॉइंगची सवय. गोल, बाण, सगळं नीट काढलं. ठरवणाऱ्या गोलाकडून बाण निघत होते, त्याच्याकडे येणारा बाण फक्त पैशांचा. ओंकारच्या गोलाकडे दोन बाण येत होते. त्यातला एक कोयत्याचा.

"हा तुझा?"

"नाय. ठेवायला दिलाय."

"तुझ्याकडेच का?"

बराच वेळ तो कागदाकडे बघत राहिला. "आमच्या घरी पोलीस येत नाय ना. आई पोळीभाजी केंद्र चालवते, सगळे ओळखतात." आणि मग, माझ्याकडे न बघता, "म्हणजे मी गोडाऊन."

मी काहीच म्हटलं नाही. त्या दिवशी तो स्वतःहून दहा मिनिटं जास्त बसला.

पुढच्या भेटीत कळलं की दादाने एक हमी दिली होती: "तू अठराच्या आत आहेस, तुला काय होत नाय." वस्त्यांमध्ये हे वाक्य फार खपतं, कारण ते अर्धं खरं आहे. बाल न्याय कायदा 2015 नुसार अठराच्या आतल्याला फाशी देता येत नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. पण सोळा पूर्ण झालेल्याने अतिगंभीर गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ त्याची तपासणी करून खटला प्रौढासारखा चालवावा असं ठरवू शकतं. ओंकारला सोळा होऊन चार महिने झाले होते. दादाने दुसरा अर्धा भाग सांगितला नव्हता, किंवा त्यालाही माहीत नसेल.

मग मी त्याला मुनव्वरची गोष्ट सांगितली, पण फाशीची पहाट सोडून. तारखा सांगितल्या. पहिला खून 16 जानेवारी 1976 ला, त्यांच्याच वर्गमित्राचा. त्याचे वडील कॉलेजजवळ हॉटेल चालवायचे. पळवून खंडणी मागायची असा बेत होता. त्यानंतरचे खून 31 ऑक्टोबरला, जोशी कुटुंबातले तिघे. मध्ये साडेनऊ महिने. "या साडेनऊ महिन्यांत ते काय करत असतील?" मी विचारलं.

"कॉलेजला जात असतील."

"आणि?"

"घरी जेवत असतील." तो थांबला. "त्यातल्या एकाने जरी घरी सांगितलं असतं ना मॅडम, तर बाकीचे नऊ वाचले असते."

दहातून एक वजा. हा हिशेब इतक्या वर्षांच्या व्याख्यानांत मला सुचला नव्हता. मी नेहमी चार फाशींची बेरीज सांगत आले.

लगेच दुसरा प्रश्न आला, मला नको असलेला. टोळीशी संबंधित एक जण माफीचा साक्षीदार झाला होता, हे त्याने मोबाईलवर वाचलं होतं. "म्हणजे जो फितूर झाला तो वाचला." त्याच्या जगात 'खबरी' ही सगळ्यात घाण शिवी. मी म्हटलं, पकडल्यावर बोलणं आणि काही घडायच्या आत बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते त्याला पटलं असं वाटत नाही. मीही ताणलं नाही. पण त्याच संध्याकाळी त्याने कोयता कुणाचा ते वडिलांना सांगितलं. पट्टा बंद झाल्याला तेव्हा सहा आठवडे झाले होते.

वडिलांना कोयता रातोरात कालव्यात टाकायचा होता. मी अडवलं. ओळखीच्या वकिलांना सोबत घेऊन ते पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांकडे गेले. असा अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असावा लागतो, हे बहुतेक पालकांना माहीतच नसतं. त्या बाईंनी चौकीत न बसवता, गणवेश न घालता मुलाचं ऐकून घेतलं. ओंकारला तीन महिने फलटणला मामाकडे पाठवलं, सिम बदललं. आईने मला विचारलं होतं की गावी पाठवणं हा उपाय आहे का. उपाय म्हणणार नाही मी, फक्त वेळ मिळतो. परत आल्यावर दादाच्या पोरांनी त्याला दोनदा टपरीवर बोलावलं आणि एकदा तो गेलाही. हे त्याने पुढच्या भेटीत आपणहून सांगितलं.

पुस्तकाचं विचाराल, तर द्या. पण मुलाच्या हातात टेकवून निघून जाऊ नका; शेजारी बसून वाचा, आणि फाशीपाशी न थांबता पहिल्या होकारापाशी थांबा. आणि "कुणाच्या संगतीत असतोस?" हा प्रश्न सोडा, त्याला ठरलेलं उत्तर येतं. "तुझ्याकडे कुणाचं काय ठेवलंय?" असं विचारून बघा. वस्तू असेल, पैसे असतील, कुणाचं सिम, एखादं गुपितही असेल.

ओंकारची आई अधूनमधून फोन करते. सुरुवातीला म्हणायची, "कोयता गेला, पण मी रोज रात्री दिवाण उघडून बघते, मॅडम. तो झोपला की." मी तिला सुचवलं होतं की लपून बघू नका, त्याच्यासमोर बघा, त्याला सांगून बघा. तिला ते जमेना, लाज वाटायची. गेल्या महिन्यात मात्र हसत होती. रात्री भांडी घासून ती आत आली, तर ओंकारने रजया काढून खाली ठेवल्या होत्या, दिवाणाचं झाकण वर धरलं होतं आणि म्हणाला, "बघून घे आणि झोप आता. सकाळी पोळ्या लाटायच्यात तुला."