फळी उलटी का उसळते?

प्रश्न : आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात टेबल सॉवर (टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या पात्याने लाकूड कापणाऱ्या यंत्रावर) सागाची फळी उभी चिरताना ती अचानक मागे उसळली आणि मुलाचा हात पात्यापासून थोडक्यात वाचला. त्याने यापुढे हातमोजे घालावेत का?

उत्तर : हातमोजे मुळीच घालू नयेत. फिरत्या पात्याने मोज्याचा धागा पकडला, तर तो संपूर्ण हातच आत ओढतो. सैल बाही आणि हातातले कडेही तितकेच घातक. १० इंची पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर असतो. एवढ्या वेगापुढे हात वेळेत मागे घेणे कोणालाही शक्य नाही.

फळी उसळण्याचे कारण पात्याच्या मागील बाजूस असते. तेथील दाते वर येत असतात, आणि चीर मिटून लाकूड पात्याला आवळू लागले किंवा फळी फेन्सपासून, म्हणजे ती सरळ सरकावी म्हणून पात्याला समांतर लावलेल्या आडपट्टीपासून, तिरकी झाली, की ते दाते तिला उचलून चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात, तर फळीवरचा हात पात्याकडे खेचला जातो. म्हणून पात्यामागे चीर उघडी ठेवणारी पोलादी पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ, बसवलेली असावी. अनेक कारखान्यांत ती अडचण वाटते म्हणून काढून ठेवतात, हे मला फार खटकते. पाते लाकडाच्या वर जेमतेम दात्याएवढेच ठेवावे, अरुंद तुकडा लाकडी दांडीने ढकलावा आणि उभे राहताना पात्याच्या रेषेत न राहता किंचित बाजूला राहावे. कापलेला तुकडा पाते पूर्ण थांबल्यावरच उचलावा.