लिस्बनला चाललीयेस ना, मग ती यादी आधी अर्धी कर

प्रिय पोरी,

तुझं ते एक्सेल शीट उघडलं आणि वाचता वाचता चहा गार झाला. पाच दिवस, त्यात सिंत्रा, कास्काइश, ओबिदुश, एव्होरा, तोमार, फातिमा आणि उरलेल्या वेळात म्हणे लिस्बन! अगं, मुंबईला आलेल्या पाहुण्याने पाच दिवसात माथेरान, लोणावळा, अलिबाग, नाशिक केलं आणि व्हीटी स्टेशन फक्त गाडी बदलायला बघितलं तर तू त्याला काय म्हणशील? तेच मी तुला म्हणतोय.

राग मानू नकोस, मी पण पहिल्या खेपेला हेच केलं होतं. रोज सकाळी सात वाजता बाहेर, रात्री हॉटेलवर येऊन पाय गरम पाण्यात. फोटो ढीगभर आहेत पण कुठला किल्ला कुठल्या गावचा हे आता तुझ्या काकूलाही सांगता येत नाही आणि मलाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा शहाणा झालो होतो, म्हणून हे लिहितोय.

तीन दिवस शहरातच रहा. एक पूर्ण दिवस सिंत्राला दे. पाचवा दिवस मोकळा ठेव, आणि अगदी राहवत नसेल तर एव्होरा, जाऊन येऊन दिवस जातो, रोमन देऊळ आहे आणि भिंतीभर माणसांची हाडं-कवट्या लावलेलं एक चॅपेल आहे, त्याच्या दारावर लिहिलंय की आम्ही हाडं इथे तुमच्या हाडांची वाट बघतोय. बाकीची गावं यादीतून काढ.

पहिल्या दिवशी नुसती चाल, आणि बूट घाल, सँडल नको. फूटपाथवर चुनखडीचे छोटे पांढरे तुकडे बसवलेत, वर्षानुवर्षांच्या चपलांनी गुळगुळीत झालेत, पाऊस पडला की शेवाळलेल्या घाटासारखे सटकतात. चालताना एक गोष्ट लक्षात येईल की खालच्या बायशा भागातले रस्ते पट्टीने आखल्यासारखे आहेत आणि शेजारच्या टेकडीवर आल्फामात मात्र गल्ल्या जिथे वाट फुटेल तिथे जातात. १ नोव्हेंबर १७५५, ऐन सणाची सकाळ, लोक चर्चमध्ये, आणि भूकंप झाला, मग नदीतून त्सुनामी आत शिरली आणि वर आगी लागल्या त्या दिवसचे दिवस चालल्या. बायशा साफ गेला, तो नंतर राजाचा मंत्री मार्किश द पोंबालने नव्याने आखून बांधून घेतला, घरांच्या भिंतीत लाकडाचा पिंजरा घालून, म्हणजे पुन्हा जमीन हलली तरी घर उभं रहावं. आल्फामा बऱ्यापैकी वाचलं. हे मी इथे लिहून काय उपयोग, एकदा दोन्हीकडे चाललीस की कळेल.

मग वर कार्मुच्या मठात जा. त्याच भूकंपात त्याचं छप्पर पडलं, ते पुन्हा घातलंच नाही, नुसत्या कमानी उभ्या आणि वर आकाश. तू वसईची आहेस म्हणून सांगतो, तिथे उभी राहिलीस की क्षणभर आपल्या किल्ल्यात उभी आहेस असं वाटेल. आपल्याकडची चर्चं ओस पडली ती वेगळ्या कारणाने, चिमाजी अप्पांनी १७३९ ला पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला त्यानंतरची ती कथा, पण बिनछपराच्या कमानी त्याच, आणि त्या बांधणाऱ्यांचं मूळ गाव हे. मला म्हणायचंय ते एवढंच की तू या शहरात टुरिस्ट म्हणून जातेयस खरी, पण लहानपणी ज्या किल्ल्यात सायकल फिरवलीस त्याचं दुसरं टोक बघायला जातेयस. हे डोक्यात असलं की शहर वेगळं दिसतं.

लिस्बनच्याच नदीकाठच्या बेलें भागाला याच कारणासाठी पूर्ण दिवस दे. जेरोनिमुशचा मठ १५०१ ला बांधायला घेतला, पैसा आला मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरची मिरी म्हण ना. दगडात जहाजाचे दोर कोरलेत, गाठी कोरल्यात, आणि आत वास्को द गामाची कबर आहे. तो मेला कोचीला, १५२४ मध्ये, मग त्याची हाडं पोर्तुगालला नेली आणि ती या चर्चमध्ये यायला १८८० उजाडलं. मी तिथे उभा असताना एक कॉलेजचा ग्रुप आला, सेल्फी काढले, गेले, आणि मी आपला विचार करत बसलो की या माणसाच्या नावाचं स्टेशन आपल्या गोव्यात आहे आणि तिथे मी कितीदा वडा-पाव खात गाडीची वाट बघितलीय.

तिथून नदीकडेने बेलेंच्या बुरुजापर्यंत चालत जा. आत जायची रांग मोठी असली तर सोड, बाहेरूनच बघ, पण एक गोष्ट शोध. एका टेहळणी बुरुजाच्या तळाशी दगडी गेंड्याचं डोकं आहे. झिजलंय, पटकन दिसत नाही, मला दहा मिनिटं लागली आणि मान आखडली ती वेगळी. हा गेंडा गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कला भेट दिलेला, त्याने गोव्याहून जहाजात घालून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, १५१५ च्या मे महिन्यात तो लिस्बनला उतरला तेव्हा हा बुरूज बांधायचं काम चालू होतं. तिथले लोक त्याला काय म्हणायचे माहितीये? गंडा! म्हणजे आपला गेंडाच की. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्ती घाबरून पळाला. मग राजाने तो पोपला नजर करायला पाठवला आणि वाटेत इटलीजवळ जहाज बुडालं, साखळीने बांधलेला गेंडा पण बुडाला. मला वास्कोच्या कबरीपेक्षा या गेंड्याचंच जास्त वाईट वाटलं, खरं सांगतो.

आता सिंत्रा. रॉसियो स्टेशनवरून लोकल जाते, चाळीसेक मिनिटं, सकाळची पहिली-दुसरी गाडी पकड. पेना पॅलेसचं तिकीट आधी ऑनलाइन काढ, आणि इथेच मी माती खाल्ली होती, नीट वाच. तिकिटावर जी वेळ असते ती पॅलेसच्या दारातून आत शिरायची, खाली बागेच्या गेटची नव्हे, आणि गेटपासून वर चढायला अर्धा तास सहज जातो. मी माझ्या वेळेला ऐटीत बागेच्या गेटवर हजर, धापा टाकत वर पोचलो तोवर स्लॉट संपलेला, आत घेतलं नाही, चूक माझीच. मग बाहेरून पिवळ्या-लाल भिंती बघितल्या आणि धुकं आलं ते पण दिसेना झालं. लिस्बनला ऊन असलं तरी सिंत्राला जॅकेट ने.

सिंत्रात अजून एक गोष्ट आहे, बघायला मिळणार नाही तरी माहीत असू दे. दों जुआंव द कास्त्रु म्हणून गोव्याचा एक गव्हर्नर होता, १५४५ ते १५४८. दीवचा किल्ला पुन्हा बांधायला पैसे हवे होते तेव्हा त्याने गोव्याच्या लोकांकडे स्वतःच्या दाढीचे केस तारण म्हणून पाठवले होते, असला माणूस. त्याची सिंत्राला वाडी होती आणि तिथे सोमनाथ पाटणचा संस्कृत शिलालेख जाऊन पोचला, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला, १२८७ चा. वाडी खाजगी आहे, गेटवर जाऊन भांडू नकोस, तुझा स्वभाव मला माहितीये.

खाण्याचं. हॉटेलात बसलीस की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतील. फुकट नसतं ते, खाल्लंस तर बिलात येतं, नको असेल तर सरळ परत घेऊन जा म्हण, कोणी वाईट मानत नाही. काल्दु व्हेर्द नावाचं हिरव्या पाल्याचं सूप मागवशील तर त्यात सॉसेजची चकती टाकतात, आधी सांग. आणि साध्या कॅफेच्या काचेच्या कपाटात त्रिकोणी चामुसा दिसला की दचकू नकोस, तो समोसाच आहे, इकडूनच गेलाय. तिकडून इकडे आलेलं तर तुला पदोपदी ऐकू येईल, पाव, बटाटा, साबण, चावी, बादली, फीत, नाताळ. मी एका दुकानात साबण मागितला आणि चक्क मिळाला.

अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये गर्दीत चढू नकोस, पाकीटमारांचं माहेर आहे ते, माझं पाकीट तिथेच गेलं. बसायचंच असेल तर सकाळी लवकर, पहिल्या स्टॉपवरून. स्टेशनवर अर्ध्या युरोचं कार्ड मिळतं त्यात पैसे भरून ठेव, मेट्रो, बस, ट्राम, लोकल सगळीकडे चालतं.

शेवटच्या संध्याकाळी काही बघू नकोस. काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून नदीपलीकडच्या काशिल्याशची बोट पकड, दहा मिनिटांत पलीकडे, तेच कार्ड चालतं, आणि ऊन उतरताना मागे वळून अख्खं शहर टेकड्यांसकट दिसतं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जातो तसंच, फक्त भजी नाहीत.

शीट दुरुस्त करून परत पाठव, आणि गेंड्याचं डोकं सापडलं तर फोटो टाक, माझा हललेला आलाय.

तुझा काका