स्वयंसेवकांच्या समितीत सगळे बोलतात, पण राबतात तेच चौघे. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की समितीत १८ जण आहेत, बैठकीत सगळे हिरिरीने बोलतात, पण कार्यक्रम जवळ आला की कामाला तेच चौघे दिसतात. मी बरीच वर्षं अशा समित्यांमध्ये काम करतेय. माझ्या मते खोट माणसांत नाही, कामं वाटण्यात आहे.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती 'आपण' या शब्दाची. "माइकचं आपण सांगून ठेवू", "पाहुण्यांना आणायला आपण जाऊ". एकदा सभागृहाची चावीही अशीच 'आपण' आणणार होतो. सकाळी सात वाजता आम्ही ११ जण बंद दारासमोर उभे, आणि प्रत्येकाला मनापासून वाटत होतं की दुसऱ्या कोणीतरी आणली असेल. घरी येऊन इतिवृत्त उघडलं. त्यात लिहिलं होतं, 'चावी ताब्यात घेणे'. कोणी, ते कुठेच नव्हतं.

माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याचे दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोराला माणसं वाढली की माणशी जोर कमी पडतो, असं त्यांना आढळलं. चावीचंही तेच झालं होतं.

तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक कामापुढे एकच नाव असतं. मदतीला कितीही असोत, विचारायचं त्या एकालाच. नावापुढे तारीख, आणि किती खर्चापर्यंत न विचारता निर्णय घ्यायचा तेही. हे शेवटचं बहुतेक ठिकाणी राहून जातं. जबाबदारी द्यायची आणि बारीकसारीक गोष्टींना परवानगी मागायला लावायची, यामुळे चांगली माणसं सोडून जाताना मी पाहिली आहेत. अजून वाईट वाटतं.

बैठक उठण्याआधी मी वही मोठ्याने वाचते आणि ज्याचं नाव येईल त्याने 'हो' म्हणायचं. 'बघतो', 'प्रयत्न करते' याला आम्ही होकार धरत नाही. जमणार नसेल तर तसं सांगायला कुणाला अवघड वाटू नये, ही काळजी अध्यक्षाने घ्यायची. माणसं आपापली नोकरी, घर सांभाळून येतात. आज मिळालेला नकार आदल्या रात्रीच्या फोनपेक्षा कितीतरी बरा.

१८ जणांची एकच समिती ठेवू नका. १८ जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या होतात १५३, सहा जणांत फक्त १५. निर्णय सहा जणांनी घ्यावेत, बाकीच्यांचे कामानुसार छोटे गट करावेत. पैशांचं मात्र उलट: खर्च करणारा एक आणि पावत्या तपासणारा दुसरा, असे दोघे हवेतच. हिशोब एकट्यावर टाकणं हा त्या माणसावरच अन्याय आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी एका जाणत्या माणसाला कुठलंच काम देऊ नका. निवेदकाचा घसा बसतो, नोंदणीच्या टेबलावर रांग तुंबते. तिथे धावायला कुणीतरी मोकळं लागतं.

आणि त्या चौघांशी आधी स्वतंत्र बोला. समजावत बसण्यापेक्षा स्वतःच उरकणं सोपं वाटतं, म्हणून बरेचदा तेच कामं सोडत नाहीत. मीही अशीच होते. त्यांची दोन-दोन कामं याच आठवड्यात दुसऱ्यांच्या नावावर करा. मग मुदतीच्या निम्म्यावर त्या नव्या माणसाला फोन करा, पण "झालं का?" असं विचारू नका. त्यावर "होतंय" एवढंच उत्तर येतं. "काय अडलंय?" असं विचारा.