टॅब लावूनही नखं का निघतात?

या महिन्याच्या प्रश्नोत्तरांत प्रेस-ऑन, म्हणजे वरून चिकटवायच्या तयार प्लास्टिकच्या नखांचे प्रश्न सर्वांत जास्त आले, आणि त्यातही गोंदाऐवजी दोन्ही बाजूंनी चिकट असलेल्या पारदर्शक टॅबने ती घरी लावणाऱ्यांचे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी रोज मुलुंडहून लोकलने फोर्टला जाते. टॅबच्या पाकिटावर सात दिवस टिकतात असं छापलंय, पण माझी नखं दुसऱ्याच दिवशी निघतात. अंगठा आणि तर्जनी तर हमखास. टॅब खराब आहेत की माझं काही चुकतंय?

पाकिटावरचे सात दिवस हे कोरड्या हवेतल्या, आखूड नखांच्या आणि भांडी न घासणाऱ्या हातांचे समजा. मुंबईच्या जुलैमध्ये टॅबवरचं नख तीन दिवस टिकलं तरी काम नीट झालं म्हणायचं. दुसऱ्याच दिवशी निघत असेल, तर मात्र दहापैकी नऊ वेळा दोष टॅबचा नसतो, टॅबखालच्या नखाचा असतो.

टॅब वाळून घट्ट होत नाही. तो मऊ चिकट थर आहे. दाबल्यावर तो नखाच्या बारीक खाचांत पसरतो आणि तिथे धरून बसतो. मध्ये तेल, क्रीम किंवा ओल आली की तो पसरतच नाही. म्हणून आदल्या रात्री डोक्याला खोबरेल चोपडून सकाळी नखं लावायला बसू नका. साबणाने हात धुतले तरी नखांच्या कडेला तेल उरतं.

आंघोळीनंतर किंवा धुणंभांडी झाल्यावर लगेच लावणं हीसुद्धा चूकच. आपलं नख पाणी शोषतं, किंचित फुगतं आणि सुकताना पुन्हा आखडतं. फुगलेल्या नखावर लावलेला टॅब कडेने सुटू लागतो. मध्ये किमान तासभर जाऊ द्या.

आता क्रम. जुनं नेलपॉलिश काढून टाका. तेलयुक्त रिमूव्हर वापरला असेल, तर त्यानंतर हात पुन्हा साबणाने धुवा. स्वतःची नखं अगदी आखूड कापा. मुळाशी नखावर चढलेली पातळ कातडी लाकडी काडीने हलकेच मागे सारा. तिथे टॅब कातडीवर चिकटला, तर उचकटायला तिथूनच सुरुवात होते. नखाची चकाकी बफर, म्हणजे नखं घासायचा मऊ ठोकळा, एक-दोनदा फिरवून घालवली तरी पुरे; टॅबसाठी नख खरवडायची गरज नाही. मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या, इंजेक्शनआधी लावतात त्या अल्कोहोल स्वॅबने प्रत्येक नख पुसा, कडांसकट. हात धुवायचं जेल सॅनिटायझर इथे चालत नाही, कारण त्यात हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीनसारखे पदार्थ घातलेले असतात आणि त्यांचा थर नखावर राहतो. पुसल्यावर एक-दोन मिनिटं पंख्याखाली थांबा आणि त्यानंतर बोटाने नखाला हात लावू नका.

टॅब नखापेक्षा किंचित लहान निवडा: मुळापासून आणि दोन्ही कडांपासून साधारण एक मिलिमीटर आत. मोठाच उरला असेल तर कात्रीने कापा. कातडीवर आलेला टॅब घाम आणि पाणी आत ओढतो. टॅब आधी स्वतःच्या नखावर लावा, प्लास्टिकच्या नखावर नाही. वरचा कागद न काढता मधून कडांकडे दाबत दहा-पंधरा सेकंद धरा. बोटाच्या उबेने थर मऊ होऊन नीट बसतो. मग कागद काढा, प्रेस-ऑन नख तिरकं धरून मुळाकडची कड आधी टेकवा आणि पुढे झुकवत खाली आणा. सपाट आपटलं तर मध्ये हवा अडकते. पारदर्शक नखांतून ती चंदेरी डागासारखी दिसते. शेवटी अर्धं मिनिट दाबा, आणि मग दोन्ही कडा चिमटीत धरून वेगळ्या दाबा. करंगळीपासून सुरुवात करा, अंगठे शेवटी. अंगठे आधी केले तर बाकीची आठ नखं कशाने दाबणार? व्हिडिओत दोन मिनिटांत दहाही बोटं होतात. घरी पाऊण तास राखून बसा.

आणि सकाळी ७:४२ची लोकल गाठायच्या घाईत हे करूच नका. या प्रकारच्या चिकट थराची पकड पहिल्या काही तासांत वाढत जाते. रात्री जेवणं, आवराआवर उरकल्यावर लावा आणि झोपा. सकाळपर्यंत पाणीही लागत नाही.

अंगठा आणि तर्जनीचं कारण वेगळं आहे. पर्सची चेन, डब्याचं झाकण, मोबाइलचं कव्हर, गाडीतला दांडा, सगळा भार या दोन बोटांच्या टोकावर येतो. टोक दाबलं जातं, बोटाची कड टेकू होते आणि मुळाकडचा भाग उचलला जातो. बोटापुढे आलेलं नख जितकं लांब तितका हा उचका मोठा. टॅबवर लावायचं असेल तर बोटापुढे तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त लांबी नको. लांब, निमुळता आणि टोकाला सपाट असा शवपेटी (कॉफिन) आकार आणि गर्दीची फास्ट लोकल यांचं जमत नाही, टॅब कुठल्याही कंपनीचा असो.

प्रश्न : माझ्या मधल्या बोटाला ५ नंबरचं नख मोठं आणि ६ नंबरचं लहान पडतं. शिवाय नख चपटं असल्यामुळे दोन्ही कोपरे वर राहतात. — बोरिवली

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर रुंद घ्या आणि कडा घासा. अरुंद नख ताणून बसवलं की त्याच्या कडा आपल्या नखावर दाब देतात; दुखतं आणि तासाभरात टपकन उडतं. घासायला १८० ग्रिटची (ग्रिट म्हणजे फाइलच्या खरखरीतपणाचा अंक) फाइल घ्या. मुळाकडच्या अर्ध्या भागात दोन्ही बाजूंनी सारखं घासा आणि मध्येमध्ये बसवून बघा. नंबरावर विसंबू नका. एका कंपनीचा ५ दुसऱ्या कंपनीत ४ किंवा ६ असतो. नखावर आडवी पारदर्शक चिकटपट्टी लावा, दोन्ही कडांवर पेनाने खूण करा, पट्टी सपाट करून मिलिमीटरमध्ये मोजा आणि आकडे लिहून ठेवा. दोन्ही हातांचे वेगवेगळे. ज्या हाताने काम करता त्याचा अंगठा बऱ्याचदा रुंद निघतो. २४ नखांच्या सेटमध्ये सहसा प्रत्येक मापाची दोनच असतात, म्हणून लावण्याआधी दहाही नखं क्रमाने मांडून घ्या.

चपट्या नखांसाठी: प्रेस-ऑन नख गरम पाण्यात काही सेकंद बुडवा, मऊ झालं की दोन्ही कडा बाहेर दाबून त्याची कमान थोडी उघडा, गार होईपर्यंत तसंच धरा. नंतर ते आतून पूर्ण कोरडं करून अल्कोहोलने पुसा. पोकळी भरायला टॅबवर टॅब चढवणं टाळा. नख डुगडुगतं आणि दोन थरांमध्येच सुटतं.

प्रश्न : लग्न डिसेंबरात आहे. मेंदी, चुडा, हळद, मग लग्न. यात नखं कधी लावू? — गिरगाव

सगळ्यात शेवटी. मेंदीनंतर रंग चढावा म्हणून निलगिरीचं तेल, लिंबू-साखरेचं पाणी लावतात, आणि टॅबला दोन्हीचं वावडं. मेंदी स्वतःच्या नखांवर चढली तर तो रंग घासून निघत नाही, नख वाढेल तसाच पुढे जातो. म्हणून पारदर्शक टॅबवर फिकट, आरपार दिसणारी नखं लावायची असतील तर मेंदीवालीला नखं सोडायला सांगा. चुडा भरताना कासार हात दाबतो, बांगडी सरकावी म्हणून साबण किंवा तेल लावतो, त्यात नखं टिकत नाहीत. हळद फिकट प्लास्टिकवर पिवळी बसते.

तेव्हा हळदीची आंघोळ झाली, केस वाळले, हातांना क्रीम लागलेलं नाही, अशा वेळी लग्नाच्या आदल्या रात्री लावा. तशी सवड नसेल तर मंडपात जायच्या किमान दोन तास आधी. मेकअप करणारीला सांगा की हातांना लोशन मनगटापर्यंतच. आणि करवलीजवळ छोट्या पाऊचमध्ये हे द्या: दोन्ही अंगठ्यांची आणि तर्जन्यांची जादा नखं, सहा टॅब, दोन अल्कोहोल स्वॅब, एक छोटी फाइल. लाजाहोमात लाह्या सोडताना बोटं ज्योतीपासून लांब ठेवा. ही नखं शेवटी प्लास्टिकचीच.

एका दिवसासाठी गोंदाच्या भानगडीत पडू नका. टॅबचा खरा फायदा इथेच दिसतो. लग्नानंतर दोन दिवसांनी नखं निघाली तरी खालचं नख जागेवर असतं.

प्रश्न : टॅबवर एक थेंब गोंद टाकला तर जास्त टिकेल का? घरात झटपट चिकटवणारी छोटी ट्यूब आहेच. — परळ

नाही, दोन कारणांनी. गोंद नखाला लागला तरच धरतो. मध्ये टॅब असला तर तो टॅबलाच कडक करतो, आणि मग काढताना धड टॅबसारखं निघत नाही, धड गोंदासारखं विरघळत नाही.

घरातली ट्यूब ही लाकूड-प्लास्टिक-चपलांसाठी असते, अंगाला लावण्यासाठी नाही. नखांचा गोंदही त्याच जातीचा, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. पण तो निदान त्या कामासाठी विकला जातो. एक गोष्ट मात्र दोन्हींना लागू आहे आणि फार कमी जणींना माहीत असते. हा गोंद सुती कापडावर सांडला की जोराने तापतो आणि त्याने भाजू शकतं. सुती गाऊन घालून मांडीवर ट्यूब उघडून बसू नका. सांडलाच तर भरपूर गार पाणी ओता, कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका आणि डॉक्टरकडे जा.

प्रश्न : काढायची कशी? आणि तीच नखं पुन्हा लावता येतात का?

ओढून काढायची नाहीत. टॅब सौम्य असला तरी ओढताना नखाचे वरचे पापुद्रे त्याच्यासोबत येतात. मागाहून नख पांढरं, खरखरीत दिसतं ते त्यामुळे. कोमट पाण्यात शाम्पू किंवा भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून बोटं दहा-पंधरा मिनिटं बुडवा. मग कडेला खोबरेल तेलाचा थेंब सोडा, लाकडी काडी बाजूने घाला, हळूहळू सरकवत जा. अडलं की जोर करू नका, पुन्हा बुडवा. नखावर राहिलेला टॅबचा चिकट भाग तेल लावून अंगठ्याने चोळला की गोळी होऊन निघतो.

पुन्हा लावायची असतील तर असिटोन जवळही आणू नका, कारण बरीचशी नखं ज्या एबीएस प्लास्टिकची असतात ते त्यात विरघळतं, वरची चकाकी जाते. आतला जुना टॅब पूर्ण काढून, आतली बाजू अल्कोहोलने पुसून, मापांच्या क्रमाने डबीत ठेवा. टॅब दरवेळी नवा. उरलेल्या टॅबचा कागद झिपच्या पाकिटात, बाथरूममध्ये नाही.

कणीक मळणं, भाकऱ्या थापणं आणि गणपतीत उकडीचे मोदक वळणं ही तिन्ही कामं नखं काढूनच करा. नखाखाली पीठ अडकतं, आणि एखादं नख सुटून गोळ्यात गेलं तर शोधणं कठीण. उकडीला तर हातावर तूप किंवा तेल घ्यावंच लागतं.

प्रश्न : प्रेस-ऑन काढल्यावर अंगठ्याच्या नखावर हिरवट डाग दिसला. दुखत नाही. वरून दुसरी नखं लावू का? — चेंबूर

लावू नका. कडा सुटलेल्या नखाखाली पाणी साचून राहिलं की स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात आणि हिरवट रंग त्यांचाच असतो. नख आखूड कापा, उघडं आणि कोरडं ठेवा, आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, विशेषतः मधुमेह असेल, सूज असेल किंवा नख मांसापासून सुटलेलं वाटत असेल तर. डाग नखाबरोबर पुढे सरकून जातो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळे काही महिने धीर धरावा लागेल. पुढच्या वेळी एक कड जरी सुटली तरी बोट दाबून वेळ मारून नेऊ नका. नख काढा, वाळवा, नवा टॅब लावा. खाज किंवा लाली आली तर टॅबच्या चिकट द्रव्याची अ‍ॅलर्जी असू शकते. मग ब्रँड बदलून बघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मी नर्स आहे. टॅब तर रोज काढता येतात, मग ड्युटीवर चालतील का? — सायन

ड्युटीवर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या हातस्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रुग्णाशी थेट संपर्क येणाऱ्यांनी कृत्रिम नखं घालू नयेत असं स्पष्ट म्हटलंय, आणि त्यात टॅब की गोंद असा भेद नाही. सुट्टीच्या आदल्या रात्री लावा, ड्युटीच्या आदल्या रात्री काढा. रुग्ण म्हणून ऑपरेशनला जाणाऱ्यांनीही ती घरीच काढून जावं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला त्यामुळे अडथळा येऊ शकतो.