अधिवेशन आठवड्यात गुंडाळतात, मग आपल्या प्रश्नांचं काय?

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या तारखा लागल्या की दरवर्षी तेच ते विचारतात लोक, म्हणून एकदाच लिहितो.

नागपूर करारात सहा आठवड्यांचं अधिवेशन लिहिलंय ना? (महाल)

नाही. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या करारात वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात आणि सरकारचा ठरावीक काळ इथं मुक्काम, एवढंच आहे. व्हॉट्सॲपवरचं वाचून भांडू नका, मूळ कलम वाचा.

दिवस राज्यपाल कमी करतात का? (सदर)

नाही. ते सरकारच्या सल्ल्याने अधिवेशन बोलावतात, दिवस कामकाज सल्लागार समितीत (सभागृहाचं वेळापत्रक ठरवणारी आमदारांची समिती) ठरतात.

दिवस कमी झाले तर खर्च वाचतो, बिघडलं काय? (धंतोली)

बिघडतं भाऊ, खूप बिघडतं. २०२३ ला ७ ते २० डिसेंबर चाललं, २०२४ ला १६ ते २१, २०२५ ला ८ ते १४. प्रश्नोत्तराचा तास दिवसाला एकच, म्हणजे आठवडा कापला की मंत्र्यांना सभागृहात उभं करून विचारायचे तेवढे तास गेलेच, पण पुरवणी मागण्या (बजेटवरचा जादा खर्च) मात्र त्याच आठवड्यात मांडून, थोडं बोलून मंजूर होतात, कोट्यवधींचा पैसा असतो तो. मागे आमदार निवासात भंडाऱ्याकडचे एक सरपंच भेटले होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत धान खरेदीच्या पावत्या, रबर लावून नीट गठ्ठा केलेला. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयावर मंत्र्याचं उत्तर मागायची सूचना, दिली होती त्यांच्या आमदारानं, शेवटच्या दिवशी यादीत पण आली, आणि वेळ संपला म्हणून पुकारलीच नाही. तो गठ्ठा तसाच परत गेला गावाला. हे वाचलेल्या खर्चात कुठं धरायचं? राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या आयोगानं २००२ मध्येच मोठ्या विधानसभांनी वर्षाला किमान ९० दिवस बसावं असं सुचवलंय, आपली तर २८८ आमदारांची.

एक जण म्हणतो पैसे द्या, लक्षवेधी लावून देतो. (उमरेड)

एक रुपया देऊ नका. सूचना आमदार देतात, स्वीकारायची की नाही ते अध्यक्ष किंवा सभापती ठरवतात, तिला फी नसते. थेट आमदाराच्या ऑफिसात जा.

कमी दिवसांविरुद्ध कोर्टात जाता येईल का? (काटोल)

घटनेच्या कलम १७४ मध्ये दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको एवढंच आहे, किमान दिवस नाहीत. त्यामुळे याचिकेआधी हायकोर्टातल्या वकिलाला कागद दाखवा, माझ्या दोन ओळींवर जाऊ नका. आणि तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) द्यायचा असेल तर आमदाराच्या पीएला आत्ताच भेटा, सूचना बरेच दिवस आधी द्यावी लागते, मोर्चे टेकडी रोडवर आल्यावर धावून उपयोग नाही.