डबी उलटी करून वाचा

वाचकांचे प्रश्न : त्वचा आणि रोजचा मेकअप
(रत्नागिरीत औषधाचं दुकान चालवणाऱ्या आमच्या स्तंभलेखिकेची उत्तरं)

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, वय ३६. धाकट्याच्या वेळी दोन्ही गालांवर वांग आला, तो गेलाच नाही. रोज स्कूटीवरून शाळेत जाते. बहिणीने मुंबईहून मिनरल फाउंडेशनची पावडर आणून दिली, डबीवर एसपीएफ १५ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) लिहिलंय. पण लावली की तासाभरात गाल चुणचुणतात आणि चेहरा राखाडी दिसतो. मिनरल असूनही असं का? आणि ही लावल्यावर सनस्क्रीन वेगळं हवंच का?
– एक शिक्षिका, देवगड

उत्तर : ताई, आधी चुणचुणीचं पाहू. डबी उलटी करा आणि मागच्या बारीक यादीत बिस्मथ ऑक्सिक्लोराइड शोधा. काही डब्यांवर नावाऐवजी सी.आय. ७७१६३ एवढाच आकडा असतो (सी.आय. म्हणजे कलर इंडेक्स, रंगद्रव्यांच्या यादीतला क्रमांक). चेहऱ्यावर मोत्याची झाक यावी म्हणून हा पदार्थ घालतात. बऱ्याच जणींना तो काही करत नाही, पण काहींना घाम आला की टोचतो, खाजतो. आपल्या हवेत हेल्मेटखाली घाम येणारच. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापतात, म्हणून हे नाव पहिल्या चार-पाचांत असेल तर माझा संशय त्याच्यावरच. ते नसेल तर सुगंध आहे का पाहा. पुढे मोठ्या अक्षरांत ‘मिनरल’ लिहिलेल्या डबीतही सुगंध, परिरक्षक (माल खराब होऊ नये म्हणून घातलेली रसायनं), वनस्पतींचे अर्क असू शकतात.

मग घ्यायचं काय? यादी जितकी छोटी तितकं बरं. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, अभ्रक, आयर्न ऑक्साइड आणि फार तर थोडं सिलिका किंवा केओलिन (पांढरी माती), एवढ्यावर उत्तम पावडर होते. उद्या त्रास झालाच तर पाच नावांतला गुन्हेगार सापडतो, पंचवीस नावांतला सापडत नाही. झिंक ऑक्साइडची भीती बाळगू नका. घामोळ्यांवर आपण लावतो ते गुलाबी कॅलामाइन लोशन म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइडच, आणि त्याचा गुलाबी रंग किंचित आयर्न ऑक्साइडचा. म्हणजे तुमच्या घरातल्या फडताळात हे दोन्ही बहुधा आधीपासूनच आहेत.

दुकानात मला अनेक जणी विचारतात, की खनिज म्हणजे जमिनीतून काढलेलं, मग ते शुद्धच असणार ना? नाही. आमच्या काळबादेवी-मिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, त्यातूनच टायटॅनियम मिळतं. रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत. पण त्यातलं काही उचलून कुणी तोंडाला लावत नाही. जमिनीतल्या लोहाबरोबर आर्सेनिक, शिसं असं नको ते येतं, म्हणून प्रसाधनांतले आयर्न ऑक्साइड कारखान्यात मुद्दाम तयार करतात. इथे कारखान्यातला माल हीच चेहऱ्याची काळजी आहे. म्हणून ‘शंभर टक्के नैसर्गिक माती’ असं सांगून सुटी विकली जाणारी, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेली पावडर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

आता उन्हाचं. एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरवतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावतात. ब्रशने पावडर लावताना तुम्ही त्याच्या आसपासही जात नाही, आणि तेवढी लावलीत तर मुखवटा दिसेल. म्हणून डबीवरच्या १५ वर विसंबू नका. आधी एसपीएफ ३० किंवा अधिकचं सनस्क्रीन, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि ते बसल्यावर वरून पावडर. दुपारी शाळा सुटल्यावर पुन्हा उन्हात निघायचं असेल तर निघण्यापूर्वी परत लावा.

पण वांगाच्या बाबतीत या पावडरीचा एक खरा उपयोग आहे, आणि तो फार कमी जणींना माहीत असतो. वांग नुसत्या अतिनील किरणांनी गडद होत नाही. डोळ्यांना दिसणारा उजेडही, विशेषतः आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत, तो वाढवतो. लावल्यावर दिसेनासं होणारं सनस्क्रीन त्या उजेडाला अडवत नाही. आयर्न ऑक्साइड अडवतात. तपकिरी-पिवळी झाक असलेलं सनस्क्रीन, किंवा साध्या सनस्क्रीनवर आयर्न ऑक्साइड असलेलं फाउंडेशन, हे तुमच्यासाठी नुसतं नटणं नाही. यादीत सी.आय. ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे आकडे दिसले की समजा, अनुक्रमे लाल, पिवळे आणि काळे आयर्न ऑक्साइड आहेत.

राखाडी दिसण्याचं कारणही इथेच आहे. टायटॅनियम आणि झिंक दोन्ही पांढरे. त्यांना सावरायला पिवळा-लाल रंग कमी पडला की सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखं होतं. बहिणीने तुमच्यापेक्षा उजळ शेड आणली असणार. शेड मनगटावर बघू नका, जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाबाहेर येऊन उजेडात आरसा धरा. लावलेली जागा शोधावी लागली तर ती शेड तुमची. नवी डबी आली की आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी रोज दोन वेळा लावून पाहा. लाली, खाज आली नाही तर मग गालांवर. आणि वांगासाठी एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गोरेपणाची म्हणून मिळणारी, स्टेरॉइड मिसळलेली मलमं मैत्रिणीच्या सांगण्यावरून लावू नका. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते आणि वांग पूर्वीपेक्षा गडद होऊन परततो. हे मी काउंटरवर हात जोडून सांगते, इथेही सांगते.

प्रश्न : मी काजूच्या कारखान्यात बी फोडायला जाते. हल्ली पापण्या सुजतात, खाजतात, कातडी सुटते. लग्नसराईत थोडी आयशॅडो लावते, म्हणून ती बंद केली. तरी कमी नाही. मिनरल आयशॅडो घेतली तर चालेल का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आयशॅडो बंद करूनही कमी नाही, यावरून माझं लक्ष तुमच्या हातांकडे जातं. काजूच्या टरफलातल्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं. त्याने कातडी भाजते आणि काहींना त्याची ॲलर्जीही होते. आंबा, बिब्बा आणि काजू एकाच कुळातले. देठ मोडल्यावर उडालेल्या आंब्याच्या चिकाने गालावर काळा डाग उठतो, तो याच भावकीतला. तळहाताची कातडी जाड म्हणून तिथे काही दिसत नाही, पापणीची सर्वांत पातळ. घाम पुसायला हात डोळ्यांकडे गेला की तेवढं पुरतं. नखांत राहिलेलं तेल, पदराचं टोक, मोबाइल, सगळीकडून ते डोळ्यांपर्यंत पोचतं.

बी हातात घेण्यापूर्वी हातांना खोबरेल लावा, हातमोजे मिळत असतील तर मागून घ्या. मोजे फाटले की लगेच बदला. फाटक्या मोज्यात तेल अडकून बसतं. काम संपल्यावर साबणाने नखांसकट हात धुवा, रॉकेलने नाही. कामाचे कपडे वेगळे धुवा. घाम पुसायला गळ्यात स्वच्छ रुमाल ठेवा, हात नको. एवढं करून दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांकडे जाऊन पॅच टेस्टबद्दल विचारा. नेमकं काय बाधतंय ते त्यात कळतं. पापण्या पूर्ण बऱ्या होईपर्यंत कुठलीच आयशॅडो नको. त्यानंतर घ्याल तेव्हा चमक नसलेली, सुगंध नसलेली, एकाच रंगाची छोटी डबी घ्या.

प्रश्न : ताई, मी कॉलेजात आहे. चेहरा तेलकट, कपाळावर मुरमं. मिनरल पावडर लावते पण बस येईपर्यंत तिचे ओघळ होतात. पावसाळ्यात ब्रशला कुबट वास येतो. आणि लावताना मला शिंका येतात, लहानपणी दमा होता.
– एक वाचक, हर्णै

उत्तर : दमा होता ना, मग सुटी पावडर सोडच. ती उडते आणि नाकातोंडात जाते. त्याच घटकांची दाबलेली कॉम्पॅक्ट घे, किंवा ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं पातळ क्रीम.

ओघळ होतात कारण आपल्या हवेत घाम वाळत नाही आणि ओल्या कातडीवर पावडरचा चिखल होतो. तोंड धुऊन, टिपून, सनस्क्रीन लावलंस की दहा मिनिटं पंख्याखाली बस. मग ब्रश झटकून फक्त नाक, कपाळ, हनुवटी. गालांना गरज नाही. बसमध्ये घाम आला तर आधी टिपकागदाने टिप. घामावर दुसरा थर चढवू नकोस. रात्री मेकअप काढायला घरचं खोबरेल वापरत असशील तर ते थांबव. केसांना ते उत्तम, पण मुरमांच्या कपाळावर छिद्रं बुजवतं. सौम्य फेसवॉश पुरे.

ब्रशचं मात्र मनावर घे. कोरड्या पावडरीत पाणी नसतं म्हणून तिला परिरक्षक फारसं लागत नाही. ओला ब्रश किंवा स्पंज डबीत घातलास की ती सोय संपली, बुरशीला घर मिळालं. दर आठवड्याला बेबी शाम्पूने धू, केस खाली करून टांग, पूर्ण सुकल्याशिवाय डबीला लावू नकोस. गोळ्यांच्या बाटल्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नकोस, मेकअपच्या डब्यात टाकून ठेव. वास येणारा हा ब्रश आता टाकून दे. आणि तो मैत्रिणीलाही देऊ नकोस.

प्रश्न : सासूबाईंच्या कपाळावर टिकलीच्या जागी गोल पांढरा डाग पडलाय. फाउंडेशनने झाकला तर चालेल?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : झाकायला हरकत नाही, पण आधी टिकली आजच थांबवा. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं, त्याने त्या जागेचा रंग जातो. लवकर थांबवलं तर रंग परत येण्याची आशा जास्त. कपाळ मोकळं ठेवणं त्यांना रुचणार नाही, हे मी समजू शकते. पण बाजारच्या कुंकवातले रंगही काहींना बाधतात, म्हणून डाग बरा होईपर्यंत त्या जागी तेही नको. भांगात चिमूटभर लावण्यावर त्या राजी होतात का पाहा. पांढरा डाग दिसला की घरात कोडाची कुजबुज सुरू होते, ती तुम्ही थांबवा आणि त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. वापरत असलेल्या टिकल्यांचं पाकीट सोबत घ्या, डॉक्टरांना ते पाहायला लागेल.