मुलीच्या ‘लिखापढी’ची तुम्हाला लाज का वाटते?

पत्र: मी तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणारा दस्तलेखक आहे. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मार्क चांगले आहेत. पण गेले आठ महिने रात्री जागून ‘राडारे-2’ नावाच्या रिव्हर्स इंजिनिअरिंगच्या टूलची माहिती लिहीत बसते. एआय एजंटांनी, म्हणजे स्वतःहून कामं पार पाडणाऱ्या एआय प्रोग्रॅमांनी, ती वाचून टूल वापरावं म्हणून, असं सांगते. पैसा एक मिळत नाही. शेवटी मी रात्री दहाला वायफाय बंद करायला लागलो. जन्मभर मी लिखापढी केली, तीच कारकुनी तिच्या नशिबी नको. हे हॅकिंग तर नाही ना? माझ्या भाच्याला पुण्यात नोकरीही लागली. तुम्ही तिला समज द्या.

उत्तर:

नमस्कार. तुमचं पत्र तीनदा वाचलं. मुलीची काळजी मला एकदाही वाटली नाही, तुमची वाटली. ‘तीच कारकुनी तिच्या नशिबी नको’ या वाक्यापाशी मी थांबलो. ज्या कामावर घर उभं केलंत, मुलीची फी भरलीत, त्याबद्दल इतकं कडू का बोलता? ते कडूपण तिला ऐकू जात असणार. बापाला स्वतःच्या कामाची लाज वाटते आणि आपलं कामही त्याला तसंच दिसतं, हे ओझं घेऊन ती परीक्षा देते आहे. भाच्याचं नाव घरात रोज निघत असेल तर ते आजपासून थांबवा. मी तिला समज देणार नाही.

तुमचा खरा गैरसमज ‘कारकुनी’ या शब्दात आहे. खरेदीखतात तुम्ही चतुःसीमा का लिहिता? गावातल्या माणसाला शेत कुठलं ते ठाऊकच असतं. पण दस्त पुढे तो बांध कधीच न पाहिलेला माणूस वाचणार असतो, आणि एक दिशा चुकली तर भाऊबंद कोर्टात जातात. तुमची मुलगी नेमकी चतुःसीमा लिहिते आहे. राडारे-2 हे सर्जी अल्वारेझ यांनी 2006 मध्ये सुरू केलेल्या राडारे प्रकल्पातून पुढे आलेलं मुक्त टूल. तयार प्रोग्रॅम उघडून तो आत काय करतो, ते त्यातून वाचता येतं. त्याच्या बऱ्याच आज्ञा दोन-तीन अक्षरांच्या. ‘पीडीएफ’ टाइप केलं की कागदपत्र मिळत नाही, एका फंक्शनचा मशीन कोड वाचण्याजोग्या रूपात छापून येतो, आणि तोही आधी विश्लेषण झालेलं असेल तरच. सत्र बंद केलं की, जतन केलं नसेल तर, ते विश्लेषण गेलं. शेवटी ‘जे’ अक्षर जोडलं तर बऱ्याच आज्ञांचं उत्तर जेसन नावाच्या ठरावीक साच्यात मिळतं, ते यंत्राला सोपं पडतं. सरावलेला माणूस अडला तर इकडेतिकडे बघून अंदाज बांधतो. एजंट लिहिलेलं वाचतो आणि आज्ञा चालवून मोकळा होतो. म्हणून क्रम लिहावा लागतो, कुठली आज्ञा मोठ्या फाइलवर फार वेळ घेईल ते लिहावं लागतं. फाइल साधी उघडली तर फक्त वाचता येते, लिहिण्याच्या मुभेनं उघडली तर मूळ बाइट बदलतात, आणि उद्गारचिन्हानं सुरू होणारी आज्ञा थेट संगणकावर चालते, हेही बजावावं लागतं. त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे, तपासायच्या व्हायरसच्या पोटात कुणी ‘आता अमुक कर’ असा मजकूर पेरून ठेवू शकतो. तो पुरावा आहे, हुकूम नाही, हे एजंटला आधीच सांगून ठेवायला लागतं. हे सारं नीट लिहायचं तर प्रत्येक आज्ञा स्वतः चालवून पाहावी लागते. याला कारकुनी म्हणू नका.

हॅकिंगचं म्हणाल तर अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनंच 2019 मध्ये ‘गिड्रा’ हे असंच टूल सर्वांसाठी खुलं केलं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्येही रीतसर घेतलेला प्रोग्रॅम कसा चालतो हे अभ्यासायला मुभा आहे. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय शिरणं मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याविरुद्ध आहे, आणि ते लबाडीनं केलं तर गुन्हा ठरतो. ही रेघ तिला माहीत आहे का, एवढं जरूर विचारा.

आता तिच्यासाठी, आणि हे कौतुक नाही. नुसतं ‘एजंटांसाठी डॉक्युमेंटेशन लिहिते’ यावर नोकरी शोधू नकोस. गुळगुळीत मजकूर आता एआयही लिहितं. तुझी किंमत तो मजकूर खोटा कुठे पडतो ते पकडण्यात आहे. त्यासाठी सी, असेंब्ली ही मशीन कोडजवळची भाषा आणि ऑपरेटिंग सिस्टिम पक्की हवी. एजंटला तुझं लिखाण देऊन दहा कामं करायला लाव, तो कुठे अडखळला त्याची नोंद ठेव, आणि मुलाखतीत तीच दाखव. मालवेअर म्हणजे घातक प्रोग्रॅमचं विश्लेषण, उत्पादन सुरक्षा, तांत्रिक लेखन या तिन्ही दारांवर ती चालेल. एम.टेक.साठीची गेट परीक्षा आणि सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचा सुरक्षेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम हे रस्ते आहेतच. कॅम्पसची मुलाखत चुकवू नकोस, घरात पगार यायला हवा ही वडिलांची चिंता खरी आहे.

आणि तुम्ही, वायफाय आज रात्रीपासून चालू ठेवा. झोपेची वेळ तिच्याशी बोलून ठरवा. रविवारी तिच्या शेजारी बसा आणि तिनं लिहिलेलं एक पान वाचायला मागा. इंग्रजी अडलं तर ती समजावेल. न पाहिलेल्या वाचकाला कुठे घोटाळा होईल, हे ओळखायची नजर तुम्हाला आहे. तिला ती आठ महिन्यांत कुणी दिली नसेल. पुढचं पत्र तिला स्वतः लिहू द्या.